मात्रा – रेघेची आणि ठोक्याची : चित्रकार, पखवाजवादक व कवी अरुण कोलटकर

‘मात्रा’ या शब्दाचा मूळ अर्थ माप हा होय. संस्कृत ‘मा’ म्हणजे मोजणे, या धातूपासून निघालेला हा शब्द मराठीत निरनिराळ्या व्यवसायांत वाटला गेला आहे. लिपिकाराची मात्रा म्हणजे अक्षराच्या माथ्यावरील तिरपी रेघ. छंदःशास्त्रज्ञाची मात्रा म्हणजे ऱ्हस्व अक्षराच्या उच्चारास लागणारा काळ. पखवाजियाची मात्रा म्हणजे तालाच्या आवर्तनातील एक ठोका. आणि वैद्याची मात्रा म्हणजे सहाणेवर उगाळून चाटवावयाचे औषध. एखाद्यापुढे कोणाची मात्रा चालेनाशी होते ती ही शेवटची. हे सारे अर्थ एका शब्दात नांदतात याला केवळ अपघात म्हणता येत नाही. रेघ जागा मोजते, ठोका काळ मोजतो, आणि ही दोन्ही मोजमापे एकाच कुळातली आहेत, असे निरीक्षण भाषेने नकळत नोंदवून ठेविले आहे.

वैद्याची मात्रा वगळली, तर उरलेल्या तिन्ही मात्रा ज्याने हाताने हाताळल्या असा एक कलावंत अर्वाचीन मराठीत होऊन गेला. अरुण बालकृष्ण कोलटकर हे कोल्हापूरचे. शिक्षणाने चित्रकार, व्यवसायाने जाहिरातक्षेत्रातील कलादिग्दर्शक, छंद म्हणावा त्याहून पुष्कळ गंभीरपणे पखवाजाचे विद्यार्थी व गीतकार, आणि सर्वांस ठाऊक आहे त्याप्रमाणे मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांतील कवी. २५ सप्टेंबर २००४ रोजी त्यांचे पुण्यास निधन झाले. त्यांच्या कवितेवर मराठीत व इंग्रजीत बरेच लिहिले गेले आहे. तथापि चित्रकला आणि संगीत ही दोन अंगे या लेखनात बहुधा चरित्राच्या परिच्छेदात येतात व तेथेच संपतात. ‘ते चित्रकारही होते, पखवाजही वाजवीत’ एवढे म्हटले की समीक्षक मोकळा होतो. हा ‘ही’ मोठा फसवा आहे. कोलटकरांच्या कवितेची ओळ कोठे तुटते आणि तेथेच का तुटते, या अगदी व्याकरणी स्वरूपाच्या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास याच दोन अंगांकडे वळावे लागते.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत कोलटकरांनी १९४९ च्या सुमारास प्रवेश घेतला आणि मध्ये खंड पडून १९५७ मध्ये तेथील शिक्षण पूर्ण केले. पुढील आयुष्य जाहिरातसंस्थांत गेले. जाहिरात-कलावंतांच्या ‘कॅग’ या संस्थेचे पारितोषिक त्यांना सहा वेळा मिळाले आणि १९८९ मध्ये त्या संस्थेच्या मानकऱ्यांत त्यांची गणना झाली. मराठी वाङ्मयविचारात कवीने प्राध्यापकी केली तर ती स्वाभाविक वाटते, कारकुनी केली तर करुण वाटते, आणि जाहिरातीच्या कचेरीत नोकरी केली तर मात्र काहीसा संशय येतो. पोटासाठी केलेली तडजोड असे म्हणून ती बाजूस सारली जाते. प्रत्यक्षात ही नोकरी म्हणजे अक्षराचे कठोर शिक्षण होते. त्या काळात देवनागरी टंकांची विविधता फारच तोकडी होती. मथळ्याची अक्षरे पुष्कळदा हातानेच रेखाटावी लागत. अक्षर रेखाटणाऱ्यास काना म्हणजे ‘आ’चा उच्चार एवढेच ठाऊक असून भागत नाही, काना ही एक उभी रेघ आहे, ती जागा खाते, शेजारच्या अक्षरास ढकलते, शिरोरेषेखाली तिचे वजन पडते, हे त्याला हाताने कळावे लागते. त्याच पिढीतील र. कृ. जोशी हेही असेच कवी व सुलेखनकार. संगणकावरील ‘मंगल’ हा सर्वपरिचित देवनागरी टंक त्यांच्याच हातचा. कवितेची आणि अक्षररेखनाची अशी सोयरीक त्या पिढीत अनेकांनी जोडली. कोलटकरांचे वेगळेपण असे की, त्यांनी कवितेला चित्राचा आकार देण्याचा हव्यास सहसा धरिला नाही. चित्रकलेकडून त्यांनी घेतली ती चौकट.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘तक्ता’ ही त्यांची मराठी कविता. प्राथमिक शाळेच्या भिंतीवरील मुळाक्षरांचा तक्ता हा तिचा विषय. प्रत्येक अक्षरास एक चौकोन, प्रत्येक चौकोनात एक वस्तू वा व्यक्ती; सर्व आपापल्या घरात बसलेली, कोणी कोणाच्या वाटेस न जाणारी. कविता अगदी साळसूदपणे विचारीत जाते की, या चौकोनातल्याने त्या चौकोनात पाऊल टाकले तर काय होईल? भाषाविज्ञानाच्या परिभाषेत बोलावयाचे तर वर्णमाला ही भेदांवर उभी असलेली व्यवस्था आहे. ‘क’ हा ‘ख’ नाही म्हणूनच तो ‘क’ आहे. कोलटकरांनी ही गोष्ट सिद्धान्ताच्या वाटेने न सांगता तक्त्याच्या रेघांकडे बोट दाखवून सांगितली, आणि त्या रेघा केवळ वर्णांनाच वेगळे ठेवीत नाहीत, माणसांनाही ठेवितात, हे वाचकाच्या लक्षात यावयास फार वेळ लागत नाही. ज्याने वर्षानुवर्षे चौकटी आखल्या त्यालाच चौकटीचा हा धाक आणि ही गंमत दिसावी, हे साहजिक आहे.

चौकटीचा दुसरा उपयोग ‘जेजुरी’त व पुढे ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये दिसतो. १९६४ मध्ये बंधू मकरंद व कवी मनोहर ओक यांच्यासह केलेल्या जेजुरीच्या प्रवासातून पहिली कविता-मालिका निघाली. ती १९७४ मध्ये एका इंग्रजी त्रैमासिकात आणि १९७६ मध्ये ‘क्लिअरिंग हाउस’तर्फे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली व १९७७ मध्ये तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल, अरविंद कृष्ण मेहरोत्रा व कोलटकर या चौघा कवींनी चालविलेल्या या प्रकाशनाच्या पुस्तकांची मुखपृष्ठे कोलटकरच करीत. म्हणजे शब्दांच्या भोवतालची पांढरी जागा हीही त्यांच्याच अखत्यारीतली होती. ‘जेजुरी’च्या अखेरीस देवस्थान आणि रेल्वे स्थानक यांच्या दरम्यान ज्वारीच्या शेतात कोंबडे-कोंबड्या नाचताना दिसतात, तेथे शब्द एकाएकी ओळ सोडून पानभर वरखाली उड्या मारू लागतात. पुस्तकभर संयमाने आखलेली ओळ एकाच ठिकाणी मोडली आहे, म्हणूनच ती मोडल्याचा आनंद होतो. एखाद्या संग्रहात वा संगणकावर ही कविता सरळ रेघेत छापली गेली तर तेथे काय घडले हे वाचकास कळण्याची सोयच उरत नाही. पाठचिकित्सेचा हा प्रश्न मराठी विभागांनी अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही.

‘काळा घोडा’तील न्याहरीच्या वेळेची दीर्घ मालिका तर एकाच चौकटीत बसविलेली आहे. रस्त्यामधील एक बेट. तेथे इडलीवाली येते, रस्त्यावरचे लोक जमतात, खातात, पांगतात, आणि जागा पुन्हा रिकामी होते. चौकट हलत नाही, काळ हलतो. चित्रकाराचे काम येथे संपते व ताल धरणाराचे सुरू होते.

पखवाजाचे शिक्षण कोलटकरांनी अर्जुन शेजवळ यांच्याकडे घेतले. या शिक्षणात काय शिकविले जाते, हे थोडे तपशिलाने पाहणे अवश्य आहे. पखवाज शिकणारा प्रथम बोल तोंडाने म्हणतो; याला पढंत म्हणतात. चौतालाचा ठेका ‘धा धा दिं ता किट धा दिं ता तिट कत गदि गन’ असा बारा मात्रांचा. चार टाळ्या आणि दोन खाली हाताने दाखवीत हे बोल तोंडात पक्के बसले म्हणजे मग हात वाद्यावर पडतो. डाव्या पुडीवर ओली कणीक लावलेली, उजवीवर शाई. डावीचा घुमारा रेंगाळतो, उजवीचा ठोका चटकन तुटतो. ‘धा’ मध्ये दोन्ही एकदम, ‘ता’ मध्ये केवळ उजवी. म्हणजे बोल हे ध्वनीचे वर्णन आहे आणि हाताला दिलेली आज्ञाही आहे. मराठीत बोलणे आणि बोल हे एकाच मुळाचे. वाद्याला बोलते करणे हा आपल्याकडे अलंकार समजला जात नाही. ज्यांना पखवाजाची मैफल ऐकावयास मिळत नाही त्यांच्याही कानावर ही शिस्त अन्य वाटेने पडत असते. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावर शहाड, आंबिवली, टिटवाळा या स्थानकांमधून धावणाऱ्या गाड्यांत सकाळ-संध्याकाळ भजनी मंडळी टाळ घेऊन उभी असतात. मृदंग नसेल तर डब्याच्या पत्र्यावर हाताने ठेका धरितात. गाडीच्या खडखडाटाची लय वेगळी, भजनाची वेगळी, आणि तरीही समेवर सर्वांचे हात एकत्र पडतात.

पखवाजाच्या साहित्यात ‘परण’ नावाचा रचनाप्रकार आहे व त्यात ‘स्तुतिपरण’ हा उपप्रकार. त्यात देवतेच्या स्तुतीचे सार्थ शब्द आणि वाद्याचे निरर्थक बोल एकाच लयीत शेजारी शेजारी बसविलेले असतात. शब्दाला अर्थ आहे म्हणून त्याला अधिक काळ मिळत नाही आणि बोलाला अर्थ नाही म्हणून कमी मिळत नाही. भाषेच्या अभ्यासकाने या प्रकाराकडे अवश्य पाहावे. अर्थाचे वजन आणि काळाचे वजन ही दोन भिन्न वजने आहेत, हे त्यात उघड होते. कोलटकरांच्या ओळीचे रहस्य येथपासून उलगडू लागते.

मराठी पद्याची परंपरागत मापे तीन. अभंग व ओवी अक्षरे मोजतात. मोठ्या अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा व चार अक्षरे येतात. वृत्ते लघुगुरूंचा क्रम मोजतात. जाती मात्रा मोजतात आणि त्या मात्रा आवर्तनात फिरतात. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त त्यांची पद्मावर्तनी, भृंगावर्तनी अशी व्यवस्था लाविली, तेव्हा छंदःशास्त्र तालशास्त्राच्या अगदी दारापर्यंत आले होते. पुढे मुक्तछंद आला व ही सर्व मापे सुटली असा समज रूढ झाला. कोलटकरांची बहुतेक कविता मुक्त आहे. परंतु ती मापावाचून आहे असे म्हणवत नाही. तिचे माप विरामाचे आहे.

उदाहरणादाखल एक साधे वाक्य घ्यावे : ‘दाराशी बसलेली म्हातारी पैसे मोजते आहे.’ हे ‘दाराशी / बसलेली म्हातारी / पैसे मोजते आहे’ असे तोडले, तर प्रत्येक ओळ हा एक व्याकरणिक गट होतो; वाचक सुखाने पुढे सरकतो. तेच ‘दाराशी बसलेली / म्हातारी पैसे / मोजते आहे’ असे तोडल्यास मधल्या ओळीत ‘म्हातारी’ आणि ‘पैसे’ ही दोन नामे व्याकरणाचा कोणताही परस्परसंबंध नसताना एकत्र येऊन पडतात. कर्ता व कर्म शेजारी उभे, क्रियापद अद्याप यावयाचे. क्षणभर म्हातारी आणि पैसे यांखेरीज जगात काही उरत नाही; मग क्रियापद समेसारखे येते व वाक्य सुटते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ही सम वाक्यरचनेतच तयार असते. ओळ कोठे तोडावयाची एवढेच कवीच्या हाती. इंग्रजीत क्रियापद मध्ये येते, त्यामुळे तेथे ही योजना निराळ्या रीतीने करावी लागते. दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या कोलटकरांनी ती केली. ‘जेजुरी’तील पन्नास पैशांसाठी बाही धरणाऱ्या म्हातारीच्या कवितेत छोट्या छोट्या कडव्यांमधून दृष्टी सरकत जाते, आणि प्रत्येक रिकाम्या जागेत वाचकाला एक ठोका थांबावे लागते. विरामचिन्हांचे काम तेथे जागेने केले आहे. पानावरची जागा हीच कानाला मात्रा म्हणून ऐकू येते. रेघ आखणारा हात आणि ठेका धरणारा हात येथे वेगळे करता येत नाहीत.

याखेरीज कोलटकरांनी गाण्यासाठी म्हणून शब्द लिहिले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात व १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी इंग्रजी गीते रचली. त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. ही गीते त्यांच्या मृत्यूनंतर मेहरोत्रांनी संपादिलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’ या पुस्तकात आली. त्यांच्यावर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ गायनाची छाया आहे. ब्लूजचे रूढ कडवे असे : एक ओळ, तीच पुन्हा, आणि मग तिचे उत्तर देणारी तिसरी, या तीन ओळी बारा मापांत बसवितात. चौतालाच्याही मात्रा बारा, हा निव्वळ योगायोग. परंतु पुनरावृत्तीने अपेक्षा ताणावयाची आणि मग ती सोडावयाची हे तत्त्व तिहाई वाजविणाऱ्यास नवे नव्हे. ध्रुपद घोळविणाऱ्या भजनकऱ्यासही ते ठाऊक असते.

आपल्यावर कोणाकोणाचे संस्कार झाले, या प्रश्नास कोलटकरांनी युनिस डिसूझा यांना दिलेल्या मुलाखतीत एक लांबलचक नामावळी देऊन उत्तर दिले. तीत ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम आहेत, रामजोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव आहेत, मर्ढेकर आहेत; आणि त्यांच्याच पंक्तीस बॉब डिलन, जॉन लेनन, रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, लेडबेली हे गायक बसलेले आहेत. त्यांतच बळवंतबुवा हेही नाव आहे. हे कोणी ग्रंथकार नव्हेत. कोलटकरांचे भजनगायक स्नेही. त्यांच्या तोंडच्या गोष्टी कोलटकर टिपून ठेवीत, आणि ‘चिरीमिरी’ या संग्रहात बुवांचा तो सूर उतरला आहे. ही नामावळी म्हणजे चतुर माणसाने केलेली थट्टा, असे काहींना वाटते. थोडी थट्टा तीत असेलही. पण तीतील पुष्कळशी नावे गाणाऱ्यांची आहेत, आणि शाहीर, संत व ब्लूजगायक यांच्यात एक गोष्ट समान आहे, ती ही की, त्यांच्या ओळीची लांबी श्वासाने ठरते. बंबईया हिंदीत लिहिलेली, पगार मागणाऱ्या माणसाची त्यांची प्रसिद्ध कविता याच वर्गात पडते. बोलीचा ठेका जसाच्या तसा पकडता आला तर अलंकाराची गरज भासत नाही, हे तीत दिसते; तिचे इंग्रजी रूपांतर करताना त्यांनी अमेरिकन बोली वापरिली, कारण शब्दाहून ठेक्याचे भाषांतर त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले असावे.

चित्रकाराने संगीताकडे वळणे युरोपलाही अपरिचित नाही. स्विस-जर्मन चित्रकार पाउल क्ले हा लहानपणापासून व्हायोलिन शिकलेला व बर्न शहरातील वाद्यवृंदात वाजविलेला. डच चित्रकार पीट मोंड्रियान याने न्यूयॉर्कमध्ये १९४२–४३ साली जॅझ संगीताच्या एका प्रकाराचे नाव आपल्या चौकोनी रेघांच्या चित्रास दिले. दुसरा डच चित्रकार कारेल आपेल याने १९६३ मध्ये स्वतःच निर्मिलेल्या ध्वनींची तबकडी काढिली व तिला रानटी संगीत अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिले. आपेलचे ते संगीत म्हणजे त्याच्या रंगलेपनाचाच विस्तार. ज्या आवेगाने तो रंग फेकी त्याच आवेगाने तो वाद्यांवर तुटून पडे. कोलटकरांची वाट नेमकी उलट. ते गुरूसमोर बसले व ठेक्यापासून शिकले. एकाला संगीत ही शिस्तीतून सुटका वाटली, दुसऱ्याला ती शिस्तीची दुसरी शाळा होती. यांत उणे-अधिक ठरविण्याचे कारण नाही. परंतु कोलटकरांना ‘बंडखोर’ हे विशेषण सरसकट लावणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथात संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे सर्व कलांस लागू पडतात असे प्रतिपादिले होते. त्यांच्यावर मुख्य आक्षेप असा घेतला गेला की, रंग व स्वर यांना लागू पडणारे तत्त्व अर्थवाही शब्दांना तसेच लागू कसे पडावे? कोलटकरांचे उदाहरण या वादात अद्याप पुरते साक्षीस बोलाविलेले नाही. त्यांच्या कवितेत लय अर्थात कशी शिरते याचे उत्तर अमूर्त तत्त्वाहून अधिक ठोस आहे : ओळीच्या तुटीमुळे वाक्याच्या घटकांत क्षणिक नवे संबंध निर्माण होतात व क्रियापद आले की ते बदलतात. हा व्यवहार वाक्यविन्यासाचा आहे आणि म्हणून तो तपासता येण्याजोगा आहे.

तपासण्याची साधनेही हाताशी आहेत. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ मध्ये अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढिल्या. ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’ व ‘द्रोण’ ही पुस्तके कवीच्या अखेरच्या काळात तेथूनच आली, आणि ‘भिजकी वही’स साहित्य अकादेमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला. या मूळ आवृत्त्यांतील ओळींची तूट, कडव्यांमधील जागा व पानावरील मांडणी यांची नोंद करून, त्याच कविता पुढे संकलनांत व पाठ्यपुस्तकांत उतरताना त्यांत कोठे कोठे फरक पडला हे पाहणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या आवाक्यातील काम आहे. ज्या थोड्या कविता त्यांनी मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिल्या त्यांपासून आरंभ करावा. तेथे एकच विराम दोन वाक्यरचनांत कोठे बसला हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. आणि वाचताना त्या मोठ्याने वाचाव्यात, हाताने टाळी धरून.